मंजूर नमुन्याशिवाय प्रत नको : चित्रकार सभासदांचे मागणीपत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
कलाप्रतींची छपाई व ऑनलाइन विक्री

विषय : छापील प्रतींची दर्जा-तपासणी आणि तिची जबाबदारी

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर ज्यांच्या चित्रांच्या प्रती विकल्या जातात, त्या चित्रकारांच्या वतीने संघटना हे मागणीपत्र देत आहे. चित्र आमचे, छपाई आपली आणि प्रत परस्पर ग्राहकाच्या घरी, अशी सध्याची पद्धत आहे. विकली गेलेली प्रत चित्रकाराच्या नजरेस पडतच नाही. बोल मात्र त्याच्या नावाला लागतो. तोंडी आश्वासने पुष्कळ झाली. यापुढे लेखी नियम हवेत.

पहिली आणि मुख्य मागणी नमुना प्रतीची. पडद्यावर फाइल दाखवून घेतलेली मंजुरी आम्ही मंजुरी मानत नाही, कारण पडद्याचा उजेड कागदाला नसतो. एका सभासदाच्या वारली चित्राची गेरूची जमीन एका ग्राहकाकडे विटकरी पोहोचली, दुसऱ्याकडे जवळजवळ चॉकलेटी. फाइल एकच होती. म्हणून विक्री सुरू होण्याआधी, ज्या कागदावर प्रत विकायची त्याच कागदावर किमान ए-४ आकाराचे दोन नमुने काढावेत. चित्रकाराने सही केलेला एक नमुना छपाईघरात राहील, दुसरा त्याच्याकडे. पुढची प्रत्येक प्रत त्या नमुन्याशी जुळली पाहिजे. पहिल्या नमुन्यांचा खर्च आम्ही देऊ. आमच्या फाइलमधल्या दोषामुळे पुन्हा काढावे लागले, तर तोही देऊ. दोष छपाईचा असेल, तर खर्च कंपनीचा.

जुळणी नजरेच्या अंदाजावर सोडता येणार नाही. प्रत्येक छपाईच्या मार्जिनमध्ये रंगपट्टी छापावी, ती स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजावी आणि मगच कापून टाकावी. मंजूर नमुन्याच्या तुलनेत रंगफरक (डेल्टा-ई २०००) सरासरी २ च्या आत आणि पट्टीतल्या कोणत्याही एका चौकोनात ५ च्या आत असावा. मोजणीला काही मिनिटे लागतात, त्यामुळे वेळेची सबब टिकणारी नाही. शिवाय प्रत ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडात पाहिली जावी. जलरंगातला पावसाळी करडा एका दिव्याखाली तटस्थ दिसतो आणि दुसऱ्याखाली गुलाबी मारतो, हे छपाईवाल्यांना आम्ही सांगायला नको.

दर पाळीच्या सुरुवातीला छपाईयंत्राच्या शाई सोडणाऱ्या नॉझलची तपासणी व्हावी आणि तिचा कागद तारखेनिशी जपून ठेवावा. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला. तिथल्या शिळाछपाईत रंगागणिक वेगळी शिळा लागे आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमका बसवावा लागे. आज सगळे रंग एकाच फेरीत उतरतात. तरीही आकाशात आडवे पट्टे असलेली प्रत गुंडाळून रवाना होत असेल, तर ती कोणी पाहिलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. तपासणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी प्रत्येक प्रतीसोबत असावी.

विक्रीच्या पानावर ‘म्युझियम दर्जा’ आणि ‘जिक्ले’ असे छापले जाते. यांपैकी कोणत्याही शब्दाने शाई कोणती आणि कागद कोणता, हे ग्राहकाला कळत नाही. त्याऐवजी कागदाचे नाव, वजन (जीएसएम), तो सुती की लाकडाच्या लगद्याचा, आम्लरहित आहे की नाही, त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने आहेत का, आणि शाई पिगमेंट की डाय, एवढी माहिती द्यावी. ठरलेला कागद संपला तर ऑर्डर थांबवावी. चित्रकाराच्या लेखी संमतीशिवाय दुसरा कागद वापरू नये.

तयार फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी चित्र कापले जाते. काही प्रतींत सहीच कापली गेली आहे. चित्राची मोडतोड होऊन कर्त्याच्या प्रतिष्ठेला बाध येत असेल, तर तिला हरकत घेण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ त्याला देते. चित्र कोणत्याही बाजूने कापू नये; चहूबाजूंनी किमान एक इंच पांढरी मार्जिन ठेवावी. ही मागणी बिनखर्ची आहे आणि तिच्यावर चर्चेची गरज आम्हाला वाटत नाही.

मर्यादित आवृत्तीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पन्नास प्रतींची आवृत्ती जाहीर केली, की एक्कावन्नावी प्रत बाजारात येणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते. बिघडलेल्या प्रतीच्या जागी नवी छापली जाते, पण बिघडलेलीचे काय झाले याची नोंद चित्रकाराला मिळत नाही. क्रमांक तपासणीनंतरच पडावा. नापास प्रत फाडून तिचे छायाचित्र नोंदवहीत लावावे. अशी प्रत सवलतीत विकणे पूर्ण बंद व्हावे.

पावसाळ्यात कोकणात गेलेल्या गुंडाळ्या दमट होऊन परत येतात. ए-३ पर्यंतच्या प्रती सपाट पाठवाव्यात. त्याहून मोठ्या प्रतींसाठी किमान तीन इंच व्यासाची नळी, आत आम्लरहित कागद आणि बाहेर ओलावा रोखणारे वेष्टन असावे.

प्रत परत आली, की चित्रकाराचा वाटा कापला जातो. कारण कळवले जात नाही. यापुढे परतीचे कारण छायाचित्रासह सात दिवसांत कळवावे. दोष छपाईचा, कागदाचा किंवा वाहतुकीचा असेल, तर वाटा कापू नये. दोष फाइलचा असेल, तर कपातीला आमची हरकत नाही.

अंमलबजावणी पाहण्यासाठी दर तीन महिन्यांनी संयुक्त तपासणी व्हावी. संघटनेचे दोन प्रतिनिधी, कंपनीचे दोन, आणि पाठवणीसाठी बांधून ठेवलेल्या मालातून आयत्या वेळी निवडलेल्या दहा प्रती. निकाल सर्व सभासदांना कळवला जाईल.

या मागणीपत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत यावे. चित्र न कापणे आणि वाटा न कापणे या बाबी उत्तराच्या दिवसापासून लागू व्हाव्यात, रंगमोजणी ९० दिवसांत. जुन्या चित्रांचे नमुने सर्वाधिक विक्रीच्या चित्रांपासून सुरुवात करून सहा महिन्यांत मंजूर करून घ्यावेत. एका दिवसात सगळे व्हावे, अशी आमची अपेक्षा नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास सभासद नवी चित्रे देणार नाहीत आणि विक्रीत असलेली चित्रे करारातील अटींनुसार नोटीस देऊन काढून घेतील. दरम्यान एखाद्या सभासदाचे चित्र शोधयादीत खाली ढकलले गेले, तर तेच कंपनीचे उत्तर समजले जाईल.

सभासदांच्या वतीने,
कार्यकारिणी