चाके फिरत असताना गॅस बंदच हवा

26 ऑगस्ट 2023 रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्याला आग लागली आणि नऊ यात्रेकरूंचा जीव गेला. लखनौहून निघालेली ती खासगी सहल होती. डब्यात सिलिंडर नेण्यास सक्त मनाई असताना तो आत आला होता आणि पहाटेच्या चहा-कॉफीसाठी शेगडी पेटवली गेली होती.

हे रेल्वेचे प्रकरण, आपला काय संबंध, असे ज्या टूरचालकाला वाटते त्याने आपल्या बसची डिकी उघडून पाहावी. काशी, चारधाम, दक्षिण यात्रा. सोबत आचारी, शिधा, पातेली, शेगडी आणि सिलिंडर ही मराठी यात्रा कंपन्यांची जुनी रीत आहे. परमुलखात वेळेवर गरम वरण-भात मिळतो म्हणून तर ज्येष्ठ प्रवासी आपल्याकडे नाव नोंदवतात. ती सोय मोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सिलिंडर ज्या रीतीने नेला जातो, ती रीत मात्र मोडायलाच हवी.

मुक्काम हलतो तेव्हा काय घडते ते पाहा. भांडी विसळून होतात, आचारी शेगडीची बटणे बंद करतो, पण रेग्युलेटर सिलिंडरवर तसाच राहतो, कारण दोन-तीन तासांत पुन्हा चहा करायचा असतो. क्लीनर सिलिंडर डिकीत आडवा सारतो, वर शेगडी, तिच्यावर तांदळाचे पोते. नळी शेगडीच्या पायाखाली चेमटते. पुढे घाटातले प्रत्येक वळण आणि गतिरोधक त्या जोडाला हिसके देत राहतात. सिलिंडर आडवा असेल तर जोडातून नुसती वाफ येत नाही, द्रवरूप गॅसच येतो आणि बाहेर पडताच तो सुमारे अडीचशे पट फुगतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला की तो वर न जाता तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की ठिणगी पुरते. एक किलो गॅसची वाफ अर्ध्या घनमीटरच्या आसपास भरते. म्हणजे चार घनमीटरच्या बंद डिकीत दोनशे ग्रॅम गॅससुद्धा पुरेसा ठरतो, आणि घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो. तो घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास 2000 सालच्या आदेशाने मनाई आहे, हे वेगळे सांगायला नको. तरी लाल टाक्या आजही दिसतातच. गॅसमध्ये मिसळलेला उग्र वास आपल्याला सावध करतो खरा, पण डिकीतला वास वातानुकूलित बसच्या बंद काचांआड पोचणार कधी?

कॅराव्हॅनचे दुखणे थोडे निराळे आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आता जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ओटा, बेसिन आणि पलंग बसवून देणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत. त्यांची सुतारकी सुबक असते. पण ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवून त्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळीच नसेल, तर गळलेला गॅस झोपण्याच्या जागेत पसरतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद, तळातून बाहेर मोकळा आणि सिलिंडर पट्ट्याने उभा बांधलेला, एवढे तरी गाडी ताब्यात घेताना पाहायलाच हवे. गॅसची गळती टिपणारा सूचक बसवणार असाल तर तो जमिनीलगत बसवा. छताजवळ लावलेला सूचक फार उशिरा जागा होईल.

अमेरिकेत अनेक मोटरहोमवाले गॅसवरचा फ्रिज चालू ठेवूनच गाडी हाकतात आणि त्यात काही बिघडत नाही असे हिरिरीने सांगतात. आम्हाला ते पटत नाही. त्या फ्रिजमागे ज्योत जळत असते आणि पेट्रोल पंपावर शिरतानाही ती विझवायची आठवण राहावी लागते. त्याच देशात बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, लांबचा वळसा घ्यावा लागतो. युरोपात चालत्या गाडीत गॅसचा हीटर वापरायचा तर अपघाताच्या धक्क्याने किंवा नळी तुटल्यावर गॅस आपोआप तोडणारी यंत्रणा लागते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती नाही. मग फ्रिज बॅटरीवर चालवावा आणि मुख्य झडप बंद ठेवावी, हेच शहाणपणाचे.

अपघात झाल्यावर झडप बंद करू, या भरवशावर कोणी राहू नये. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली आणि 25 प्रवासी दगावले. तिथे सिलिंडरचा संबंध नव्हता. पण उलटलेल्या गाडीतून माणसाला स्वतःला बाहेर पडायला किती वेळ मिळतो, ते त्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

म्हणून या हंगामात आमचे व्यवसायबंधूंना आग्रहाचे सांगणे आहे. स्वयंपाकाचे सामान वेगळ्या टेम्पोतून पाठवा. मोठ्या सहलींवर अनेक जण हे आजही करतात, आणि तो टेम्पो पुढे गेल्याने जेवणही वेळेवर तयार होते. सिलिंडर व्यावसायिक घ्या, उभा बांधा, निघण्यापूर्वी रेग्युलेटर काढून टोपी लावा, नळीवरची तारीख वाचा. हे काम आचाऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नका. टूर मॅनेजरने स्वतः हात लावून पाहावे. वाटेत वास आलाच तर गाडी मोकळ्यावर थांबवून प्रवाशांना आधी उतरवा, एकही बटण दाबू नका आणि 1906 वर कळवा. सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाला असेल तर गॅस तोडल्याशिवाय ती विझवू नका, कारण मग गॅस साचत जातो. आणि एखादी छोटी सहल वेगळ्या टेम्पोचा खर्च पेलू शकत नसेल, तर प्रवाशांना वाटेत खानावळीत जेवू घाला, पण त्यांच्या बसमध्ये सिलिंडर चढवू नका.