रावेर : अक्षरं तीन की पाच?

मोबाइलवरचं शब्दकोडं अडलं की ‘आपलं इंग्रजीच कच्चं’ असं वाटतं ना? थांबा. हे कोडं नेमकं काय तपासतं, ते आधी बघू.

मराठीत रावेर लिहा. तीन अक्षरं. इंग्रजीत लिहा : आर, ए, व्ही, ई, आर. पाच झाली! म्हणजे ‘वर्डल’च्या पाच चौकटींत आपलं गाव अगदी फिट बसतं. गंमत म्हणजे ‘रेव्हर’ असा इंग्रजी शब्दही आहे. पार्ट्यांमध्ये रात्रभर नाचणाऱ्याला तसं म्हणतात. रात्री केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या आपल्या गावाला हे कळलं तर काय म्हणेल, ते तुम्हीच ठरवा!

वर्डल माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, प्रयत्न सहा. अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर तर चौकट हिरवी. अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळी. नाहीच तर करडी. जॉश वॉर्डल या इंजिनिअरनं हा खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी बनवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांना खुला केला. 1 नोव्हेंबरला खेळणारे होते 90 जण. दोन महिन्यांत ते 3 लाखांवर गेले. जानेवारी 2022 संपता संपता ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तो विकतही घेतला.

आता यातली खरी गोम बघा. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द साधारण 12 हजार. त्यातले ओळखीचे वाटतील असे अडीच हजारांच्या आसपास शब्द पलकनं निवडले, आणि उत्तरं त्यातूनच यायची. पण ओळखीचे म्हणजे कुणाच्या ओळखीचे? मे 2022 मध्ये एका दिवशी उत्तर आलं ‘होमर’, म्हणजे बेसबॉलमधला होम रन. अमेरिकेबाहेरच्या लोकांनी अर्थ शोधायला डिक्शनरीकडे इतकी धाव घेतली की केंब्रिज डिक्शनरीनं ‘होमर’लाच 2022 सालचा शब्द ठरवलं. ‘फेवर’ आणि ‘ह्यूमर’ही उत्तरं म्हणून आले, तेही अमेरिकन स्पेलिंगनं, ‘यू’ गाळून. आपल्या पाठ्यपुस्तकात हे दोन्ही शब्द सहा अक्षरी! इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, ते लंडनवालेही त्या दिवशी वैतागले. मग आपणच का खाली मान घालायची?

तरीही आपण घालतो. कारण ही सवय जुनी आहे. दहावीचा इंग्रजीचा पेपर आठवा. दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द बनवा, गुण दोन. शेवटच्या अक्षरापासून पुढचा शब्द, अशी शब्दसाखळी, पुन्हा दोन गुण. पुढे स्टाफ सिलेक्शनचा अभ्यास सुरू केला की ‘या अक्षरांतून कोणता शब्द बनणार नाही’ हा प्रश्न रिझनिंगमध्ये भेटतोच. रिझनिंगमध्ये, इंग्रजीच्या भागात नाही. हे महत्त्वाचं आहे. कारण यात भाषेपेक्षा अक्षरांची मांडणी जास्त तपासली जाते. आणि मांडणी शिकता येते.

एक उदाहरण घ्या. शेवटची चार अक्षरं आय, जी, एच, टी अशी हिरवी झाली. आता पहिलं कोणतं? लाइट, नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट, एट : रोजच्या वापरातलेच आठ शब्द. एकेक टाकत बसलात तर सहा प्रयत्न कधी संपले कळणार नाही. त्यापेक्षा मध्येच ‘फ्लेम’ टाका. उत्तर ते नाही, हे माहीत असूनही टाका. त्यात एफ, एल, एम, ई ही चारही अक्षरं एका दमात तपासून होतात. एखादं लागलं तर शब्द हातात. नाही लागलं तरी आठाचे चार उरले. ज्या प्रयत्नातून जास्तीत जास्त शक्यता कमी होतात तो चांगला, हा विचार क्लॉड शॅनन यांनी 1948 साली मांडलेल्या माहितीशास्त्राशी जुळणारा आहे. म्हणूनच सुरुवातीला ‘क्रेन’सारखा, पाचही अक्षरं वेगळी असलेला शब्द बरा. आपलं ‘रावेर’ इथं कच्चं! आर दोनदा, आणि व्ही तसा क्वचितच येणारा.

आपल्याला हे जड का जातं, त्यालाही कारण आहे. मराठीत बहुतेक वेळा जसं बोलतो तसं लिहितो. ‘रा’ हे आपल्यासाठी एकच अक्षर. इंग्रजीत मात्र ‘नाइट’मधले जी-एच तोंडातून येतच नाहीत. एकेकाळी ते उच्चारले जायचे. उच्चार बदलला, स्पेलिंग तिथंच राहिलं. त्यामुळे मराठी माध्यमातल्या आपण सगळ्यांनी स्पेलिंग घोकलं, पण त्यामागचा पॅटर्न कुणी फारसा दाखवला नाही. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की घशाला कोरड पडते, कारण स्पेलिंग पाठ आहे, वाक्य तोंडात नाही.

आता तर अक्षरं टाकली की जुळणारे शब्द काढून देणाऱ्या वेबसाइट आहेत, एआय आहे. वापरा की. फक्त कोडं सुटल्यावर वापरा. आणखी कोणते शब्द बसले असते ते बघा, पॅटर्न डोक्यात बसेल. आधीच बघितलं तर चौकटी हिरव्या होतील, हाती काही लागणार नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या डिग्रीवर ज्यांचं नाव छापून येणार आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरओळख नाही, पण शब्दांची श्रीमंती अशी की 2018 मध्ये आपल्या विद्यापीठालाच त्यांचं नाव दिलं गेलं. अक्षरं जुळवणं वेगळं आणि भाषा येणं वेगळं, याचा याहून मोठा पुरावा आपल्याला कशाला हवा?

म्हणून आज कोडं सुटलं की तिथंच थांबू नका. आलेल्या शब्दाचं एक वाक्य करा आणि भुसावळच्या गाडीत शेजारी बसलेल्या मित्राला मोठ्यानं ऐकवा. चुकलं तर तो हसेल. हसू द्या. उद्या त्याची पाळी आहे.