फाइल नकार देत नाही

फाइलमधील साठवणुकीची पहिली अडचण जागेची वा वेगाची नसते. माहितीची रचना फाइल वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये दडलेली असते, ही खरी अडचण. खातेदाराच्या नावाला तीस अक्षरे ठेवली आणि पुढे चाळीस लागली, की ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम बदलावा लागतो. एखादा राहून गेला तर तो कुरकुर न करता भलतीच अक्षरे उचलतो. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये डेटाबेसची रिलेशनल पद्धत मांडली ती मुख्यतः वापरणाऱ्याला या अंतर्गत मांडणीच्या जाचातून सोडवण्यासाठी.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. परतूर तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला आणि तालुका तिकडे गेला. तेव्हा दप्तर कागदी होते. असा बदल आज झाला आणि गावोगावच्या याद्यांत ओळीओळीला जिल्ह्याचे नाव टाइप केलेले असले, तर काही ठिकाणी परभणी आणि काही ठिकाणी जालना राहणारच. डेटाबेसमध्ये तालुक्याच्या तक्त्यातली एकच नोंद बदलते. अर्थात तक्ते नीट वेगळे केले असतील तरच. सगळे एकाच तक्त्यात कोंबणाऱ्याला महागडे सॉफ्टवेअरही वाचवत नाही.

जमिनीच्या व्यवहारात तिसरी अडचण उघडी पडते. जमिनीचा काही भाग विकला की गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे क्षेत्र घटते, घेणाऱ्याचे नाव चढते आणि दोघांचा आठ-अ बदलतो. हे नमुने सुट्या फाइलींत असतील आणि मध्येच वीज गेली, तर क्षेत्र एकाकडून वजा होते, दुसऱ्याकडे चढत नाही. डेटाबेसमध्ये हा सगळा बदल एकच व्यवहार मानता येतो: पूर्ण होईल, नाहीतर मुळीच होणार नाही. एकाच खात्यावर दोघे एका वेळी काम करू लागले, तर एकाला थांबवण्याची व्यवस्थाही तिथेच असते.

सर्वांत महागात पडते ती चौथी अडचण: फाइल काहीही स्वीकारते. राज्याच्या 2017 च्या शेतकरी कर्जमाफीत बँकांकडून 66 रकान्यांत माहिती मागवली गेली. लाभ कुटुंबाला असल्याने निरनिराळ्या बँकांतली खाती जुळवणे भाग होते. तेव्हा अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक निघाला आणि याद्या रखडल्या. शेतकऱ्यांच्या तक्त्यात आधारचा रकाना अनन्य ठेवला असता, तर दुसरी नोंद भरतानाच अडली असती. मात्र नुसती सक्ती घातक ठरते. क्रमांक हाताशी नसलेला ऑपरेटर कसलेही आकडे टाकून पुढे सरकतो, म्हणून रकाना रिकामा ठेवण्याची मुभाही हवी.

फाइलींचे काम संपलेले नाही. मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदांची स्कॅन चित्रे फाइलींतच शोभतात. गाव, वर्ष आणि नाव यांची सूची तेवढी डेटाबेसमध्ये असावी.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून 2022 मध्ये मंजुरी दिली. हे काम करणाऱ्यांनी सोसायट्यांच्या जुन्या एक्सेल याद्या जशाच्या तशा चढवू नयेत. गटसचिवाला शेजारी बसवून दुबार नावे आधी निकाली काढावीत.