अडत नाही तिथे गेम नाही

गेल्या शनिवारी कोरेगावला ताईकडे गेलो होतो. भाच्याला इंजिनिअरिंगला (कॉम्प्युटरच, दुसरं काय!) ॲडमिशन मिळाली आणि आता लॅपटॉप कुठला घ्यायचा यावर घरात बैठक बसली होती. अध्यक्षस्थानी अर्थात मी. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर प्रिंटरपासून विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरपर्यंत सगळंच आपल्याला कळतं, असा गावाकडे एक गोड समज असतो.

मी गेली बरीच वर्षं मॅकवर काम करतो आणि मला तो मनापासून आवडतो. तेव्हा सॅकमधून मॅकबुक काढलं आणि प्रवचन सुरू केलं. बॅटरी बघ, स्क्रीन बघ, पंख्याचा आवाज नाही, चिप तर काय विचारूच नकोस. भाच्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, यावर व्हॅलोरंट चालतंय का?"

"नाही."

"काउंटर-स्ट्राइक टू?"

"नाही."

"जीटीए फाइव्ह?"

"...नाही."

"मग एवढं भारी मशीन करतंय काय?"

दाजी हसले. ताई म्हणाली, "गेम खेळायला पाठवत नाही तुला." विषय तिथे संपला. पण माझ्या डोक्यातून काही तो प्रश्न जाईना. पोराने चुकीचं काय विचारलं होतं? जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, स्वतःची चिप, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि शेजारच्या पोराच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर चालणारा गेम यावर चालत नाही. का?

नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत, कारण इतकी वर्षं मीच ती लोकांच्या तोंडावर फेकत आलोय. आज तीच जरा तपासून बघू.

उत्तर पहिलं: "मॅक हे कामाचं मशीन आहे, खेळण्याचं नाही." हे ऐकलं की मला वॉझनियाक आठवतो. १९७६ साली अटारीचा ब्रेकआउट आला. त्याचं सर्किट आधी जॉब्स आणि वॉझनियाक या जोडीने करून दिलेलं होतं. १९७७ मध्ये ॲपल टू आला. त्यात रंग, आवाज आणि पॅडल का होते? वॉझनियाकने स्वतःच सांगितलंय, की ब्रेकआउट सॉफ्टवेअरमध्ये लिहिता यावा म्हणून त्यातल्या बऱ्याच गोष्टी घातल्या. म्हणजे ज्या मशीनने या कंपनीला उभं केलं ते अर्धंअधिक एका गेमसाठी घडलं होतं. पुढे १९९३ मध्ये मिस्ट हा गाजलेला गेम आला तो आधी मॅकवर, ॲपलच्याच हायपरकार्डमध्ये बनवलेला. १९९९ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये स्टीव्ह जॉब्सने स्वतः स्टेजवर हेलो दाखवला. वर्षभरात, जून २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनीच विकत घेतली. २००१ मध्ये हेलो एक्सबॉक्सचा हुकमी एक्का म्हणून आला आणि मॅकवर पोचायला २००३ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा "आमच्या रक्तातच गेम नाही" हे कुणी सांगू नये. होता, तो हातचा घालवला.

उत्तर दुसरं: "हार्डवेअर कमी पडतं." कधीकाळी खरं होतं. २०२० च्या नोव्हेंबरात एम वन चिप आली आणि हे कारण लंगडं झालं. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज २०२२ मध्ये मॅकवर आला, बॉल्डर्स गेट थ्री २०२३ मध्ये, सायबरपंक २०७७ हा २०२५ मध्ये. हे काही सापशिडीचे गेम नाहीत. ते आले, चालले. म्हणजे इंजिनात दम आहे. रस्ताच नाहीये.

उत्तर तिसरं: "मॅकवर गेम खेळणारे आहेतच किती?" हे मात्र खरं आहे. स्टीमच्या दरमहाच्या पाहणीत मॅक दोनेक टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. काउंटर-स्ट्राइक टू आला तेव्हा, २०२३ मध्ये, व्हॉल्व्हने मॅकचा पाठिंबा काढला. कारण काय दिलं, तर मॅक, ३२ बिट आणि जुनं डायरेक्टएक्स नाइन वापरणारे सगळे एकत्र मोजले तरी खेळाडूंच्या एक टक्कासुद्धा भरत नाहीत. पण मंडळी, एसटी येत नाही म्हणून स्टँडवर माणसं नसतात, आणि माणसं नाहीत म्हणून एसटी येत नाही. अशा वेळी एसटी कुणी सोडायची? ज्याचा स्टँड आहे त्याने!

आणि स्टँडवाल्याने काय केलं ते बघा. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, गेम हे आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरसारखं नसतं. आपलं ॲप आपण वर्षानुवर्षं अपडेट करत राहतो. गेम हा सिनेमासारखा असतो. प्रदर्शित झाला, पहिल्या काही आठवड्यांत पैसा आला, टीम पुढच्या कामाला लागली. पाच वर्षांनी तो परत कम्पाइल करायला तिथे कुणी बसलेलं नसतं. अशा धंद्याला हवी असते स्थिरता. विंडोजवर वीस वर्षांपूर्वीचे कितीतरी गेम अजून चालतात. मॅकवर? २०१८ मध्ये ॲपलने ओपनजीएल मोडीत काढायचं जाहीर केलं. बाकीचं जग व्हल्कनकडे गेलं, ॲपलने स्वतःचं मेटल धरून ठेवलं. २०१९ मध्ये कॅटालिनाने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरं एका झटक्यात बंद केली आणि जुन्या मॅक गेम्सचं अख्खं कपाट गेलं. एम वनबरोबर बूट कॅम्प गेलं, म्हणजे मॅकवर विंडोज टाकून खेळायची चोरवाटही बंद. यातल्या प्रत्येक निर्णयाला तांत्रिक कारण आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला ते पटतंही. पण सगळे एका रांगेत उभे केले की दिसतं, की प्रत्येक वेळी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात गेम होते आणि प्रत्येक वेळी ते हलकेच ठरले.

बरं, ॲपलला गेम नकोच आहेत म्हणावं, तर तसंही नाही. खरी मेख इथेच आहे. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्याचा निकाल लागला. त्यात न्यायाधीशांनी नोंदवलंय, की ॲप स्टोअरच्या एकूण उत्पन्नापैकी जवळजवळ ७० टक्के गेममधून येतं, आणि तेही १० टक्क्यांहून कमी ग्राहकांकडून. सत्तर टक्के! आयफोनवर ॲपल ही जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या गेम कंपन्यांत मोडते, स्वतः फारसा गेम न बनवता.

रात्री जेवताना हे सगळं दाजींना सांगत होतो. दाजी आल्याचं पीक घेतात, मार्केट यार्डाच्या वाऱ्या करण्यात त्यांचा जन्म गेलाय. म्हटलं, आयफोन म्हणजे बंदिस्त यार्ड समजा. माल आत गेला, की विक्री ॲपलच्याच गाळ्यावर, आणि पट्टीतून अडत कापली जाणार. मूळ दर ३० टक्के. छोट्यांना २०२१ पासून १५ केला, आणि आता युरोप-अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांमुळे त्याला भगदाडं पडतायत, पण यार्ड यार्डच आहे. मॅक म्हणजे उघडं शिवार. तिथेही ॲपलचा गाळा आहे, पण माल तिथेच घाला अशी सक्ती नाही. गेमवाले आपला माल स्टीमवर विकतात. अडत व्हॉल्व्हला, ॲपलला छदाम नाही.

दाजींनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "मग यार्डाबाहेरचा रस्ता अडत्या कशाला दुरुस्त करंल?"

मी इतकी वर्षं ब्लॉग लिहितोय, एवढं नेमकं वाक्य मला सुचलेलं नाही. :)

आता कुणी म्हणेल, ॲप स्टोअर तर २००८ चं, मॅकवरच्या गेमची आबाळ त्याच्या आधीची. कबूल. ऐंशीच्या दशकात "मॅक हे खेळणं आहे" असं हिणवलं जायचं, त्यामुळे गेमचं नाव नको वाटायचं. १९९६ मध्ये बंदाईबरोबर पिपिन नावाचा कन्सोल काढून हात पोळून घेतले. १९९७ मध्ये तर कंपनीच बुडायला आली होती. तेव्हाचं दुर्लक्ष नाइलाजाचं होतं. आज तिजोरी ओसंडून वाहतेय. आजचं दुर्लक्ष ही निवड आहे, आणि निवडीचा जाब विचारता येतो.

हे अशक्य होतं म्हणाल, तर व्हॉल्व्हकडे बघा. व्हॉल्व्ह काही संत नाही, तिचीही अडत मुळात ३० टक्केच. पण मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच स्वतःचं दुकान थाटलं तेव्हा आपला धंदा दुसऱ्याच्या जागेत आहे हे तिला कळलं. तिने लिनक्सची वाट धरली. २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, म्हणजे विंडोजचा गेम लिनक्सवर चालवणारा दुभाषा. २०२२ मध्ये स्टीम डेक आणला. खेळणाऱ्याने फक्त बटण दाबायचं. २०२३ च्या जुलैत स्टीमच्या पाहणीत लिनक्सने मॅकला मागे टाकलं. लिनक्सने! ज्यात एकेकाळी साउंड कार्ड चालू झालं तरी आम्ही पेढे वाटायचो!

त्याच वर्षी ॲपलनेही गेम पोर्टिंग टूलकिट आणलं. तेसुद्धा प्रोटॉनसारखंच वाइन या मुक्त प्रकल्पाच्या खांद्यावर उभं. पण फरक बघा. व्हॉल्व्हने दुभाषा खेळणाऱ्याच्या हातात दिला. ॲपलने तो गेम बनवणाऱ्याला दिला आणि सांगितलं, तुझा गेम इथे कसा चालेल ते यावर पाहून घे, विकायचा असेल तर मेटलमध्ये नीट पोर्ट कर. दोन टक्के गिऱ्हाइकासाठी हा उपद्व्याप कोण करणार? जे मोजके करतात त्यांना ॲपल आपल्या कार्यक्रमात मिरवते, टाळ्या होतात, की वर्षभर शांतता.

याची किंमत कोण मोजतं? लांब कशाला, पुण्यातलंच बघा. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये राजी: ॲन एन्शंट एपिक हा गेम काढला. आपल्या पुराणांतून, आपल्या मंदिरांच्या शिल्पांतून उभा राहिलेला, एका मुलीचा गेम. तो निन्टेंडो स्विचवर आला, विंडोजवर आला, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. २०२३ मध्ये नेटफ्लिक्समार्फत आयफोनवरसुद्धा आला. मॅक काही राजी झाला नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस २०२४ मध्ये आला, तो अँड्रॉइड आणि आयफोनवर. या मंडळींना मी नावं ठेवणार नाही. हातात मोजके पैसे आणि मोजकी माणसं असताना दोन टक्क्यांच्या मागे धावायचं नसतं. पण ज्या आयफोनवर हे गेम पळतात, त्याच्याच जातकुळीची चिप आणि तेच मेटल मॅकमध्ये आहे, हे लक्षात घेतलं की दोष कुणाच्या दारात जातो ते कळतं.

आणि दुसरी किंमत मोजतो माझा भाचा. इथे जरा माझं स्वतःचं सांगतो. २००३ च्या सुमाराला कोरेगावात आमच्या घरी असेंबल केलेला पीसी आला. मी त्यावर सी प्लस प्लस शिकलो असं बाबांना वाटायचं. खरं तर मी त्यावर नीड फॉर स्पीड चालवायला शिकलो. (सीडी कुठून आणली ते विचारू नका.) गेम अडखळतोय, म्हणजे रॅम कमी. स्क्रीन काळी, म्हणजे ड्रायव्हर जुना. कॅबिनेट उघडलं, पोटात गोळा आला, परत बंद केलं, परत उघडलं. मेमरी म्हणजे काय, ग्राफिक्स कार्ड करतं काय, ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आडवी येते, हे मला कुठल्याही क्लासच्या आधी एका गाडीच्या गेमने शिकवलं. माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच आहे. कुणी रोडरॅशमुळे, कुणी काउंटर-स्ट्राइकमुळे या धंद्यात आलं.

म्हणून "गेम म्हणजे टाइमपास" हे वाक्य आयांनी म्हणावं, ठीक आहे. संगणक बनवणाऱ्या कंपनीने तसं वागू नये. पोराला मशीनच्या पोटात डोकवायला लावणारी गेमइतकी सोपी वाट दुसरी नाही, आणि वॉझनियाकच्या कंपनीला हे बाहेरच्याने सांगायला लागू नये.

रविवारी निघायच्या आधी बैठकीचा निकाल दिला. विंडोजचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, मागचं झाकण उघडून रॅम वाढवता येईल असा लॅपटॉप. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला मॅक घेऊ नको म्हणून सांगितलं. ताईला संशय आला, की मामा-भाच्याचं आतून काहीतरी ठरलंय. तिला म्हटलं, अभ्यासासाठीच सांगतोय. ती हसली नाही, पण मी खरंच बोलत होतो.

हे सगळं मी मॅकवरच टाइप केलंय, हेही कबूल करतो. असो. उद्या सोमवार आहे, कामाचं मशीन कामाला लागेल.