हिवाळ्यातील मैदान

हिवाळी क्रीडा म्हटली की काश्मीरमधील गुलमर्ग डोळ्यांपुढे उभे राहते. तेथे २०२० पासून 'खेलो इंडिया'चे बर्फावरील सामने भरतात. आमच्या लोधीखेड्यास बर्फ लाभावयाचा नाही. परंतु पौषातील कोरडी हवा व कोवळे ऊन यांहून खो-खोस अधिक अनुकूल ते काय असणार? समुद्रकाठी कोकणी बोलत वाढलेल्या आम्हांस ही थंडी प्रथम बोचली, पुढे मानवली.

येथील शाळा संपवून आमचे विद्यार्थी नागपूर अथवा छिंदवाड्यास महाविद्यालयात जातात आणि बहुतेकांचे खेळणे त्याच दिवशी सुटते. तेथे खेळ म्हणजे निवडलेल्या संघाचा. उरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात! त्यातच दिवस लहान, सत्रपरीक्षा तोंडावर. मुलगा खोलीत स्वतःस कोंडून घेतो. मुलींस तर अंधार पडण्यापूर्वीच वसतिगृहात परतावे लागते, मग मैदान कोठले?

आम्हीही परगावी शिकलो. पहिल्या हिवाळ्यात भाषा परकी, मित्र कोणी नाही. चार-चार दिवस कोणाशी शब्द बोलत नव्हतो. एके सायंकाळी शेजारच्या खोलीतील विद्यार्थी दार ठोठावून म्हणाला, "एक गडी कमी पडतो, चला." त्याने आमच्या मनाची विचारपूस केली नाही; केली असती तर आम्ही सांगितलेही नसते. रूढ खो-खोत आठ गडी बसतात, नववा पाठलाग करतो. एक जागा रिकामी राहिली की सर्वांच्या ध्यानात येते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही, तेव्हा तिघे बोलावण्यास आले. वर्गात आठवडाभर गैरहजर राहिलो असतो, तरी कोणास कळले नसते.

याच खेळाच्या पहिल्या विश्वचषकात, जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे, भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अभिमान वाटला खरा. पण आमची मागणी चषकाची नाही. प्रत्येक वसतिगृहाने हिवाळ्यात तासभर मैदान सर्वांस, मुलींस विशेषेकरून, खुले ठेवावे व तेथे दिवे लावावेत, एवढीच आहे.

खेळाने प्रत्येक दुःख हटते असे आम्ही म्हणत नाही. झोप व भूक उडाली असेल, तर डॉक्टरांकडेच जावे. सरकारची 'टेलि-मानस' सेवाही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. पालकांनी मात्र मुलांच्या पेटीत स्वेटरबरोबर खेळाचे बूट ठेवावेत, आणि ती सुटीत घरी आली की गुणांच्या आधी विचारावे, संध्याकाळी कोणाबरोबर खेळता?