पोवाड्याच्या चौकटीत कोण उभं राहणार?

शिवजयंती जवळ आली की आमच्या मंद्रूप परिसरातल्या पोरांची धांदल उडते. जुना पोवाडा निवडायचा, गाडी काढून एखादा किल्ला गाठायचा, भाड्याची तलवार, फेटा, मागे मावळता सूर्य, वर ड्रोन. दोन मिनिटांचा व्हिडिओ तयार! या उत्साहाची आम्ही थट्टा करणार नाही. पोवाडा हे बहुजनांचं धन आहे आणि ते मोबाईलवर यायलाच हवं. आमचा प्रश्न वेगळा आहे. या चौकटीत दिसतं कोण आणि गाळलं जातं कोण?

शाहिराला बिदागी सरदार देई, म्हणून पोवाड्यात नाव सरदाराचं. रात्रभर गडाचा पहारा करणारे महार, मांग, रामोशी, कोळी ओळीत फारसे आलेच नाहीत. ही चौकट महात्मा फुल्यांनी मोडली. १८६९ साली त्यांनी शिवरायांचा पोवाडा लिहिला आणि राजाला पुरोहितांच्या तावडीतून सोडवून शेतकऱ्यांच्या मध्ये आणून उभं केलं. म्हणजे युद्धकाव्य कुठे उभं राहून सांगायचं, हा वाद दीडशे वर्षं जुना आहे. आज तो कॅमेऱ्यासमोर आला आहे, एवढंच.

एका शूटिंगला आम्ही हजर होतो. शाहीर पुढे, साथीदार बाजूला, आणि हलगी वाजवणारा मातंग समाजाचा म्हातारा चौकटीबाहेर. "आवाज येतोय की, माणूस कशाला दाखवायचा?" असं उत्तर मिळालं. आवाज हवा, माणूस नको! गावकुसाबाहेरची वस्ती याच विचारातून उभी राहिली होती ना?

मग शूटिंग करायचं कुठे? त्यासाठी लांब जायची गरज नाही. ज्या भीमेच्या काठी १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली, तीच भीमा वाहत वाहत आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांतली २२ नावं महार शिपायांची, 'नाक' लागलेली. पोवाड्यांनी गाळलेला शिपाई तिथे नावानिशी उभा आहे. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले ते उगीच नव्हे. भीमेचा आपला काठ, तापलेली काळी रानं, वस्तीतली समाजमंदिराची पायरी, हे सगळं युद्धकाव्याचं रणांगण होऊ शकतं.

अण्णाभाऊ साठ्यांकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा ते शहर त्यांनी पाहिलेलंही नव्हतं; रशियाला ते गेले १९६१ साली. मुंबईच्या कामगारांसमोर हा पोवाडा डफावर घुमला आणि गिरणीकामगाराला दूरची लढाई आपली वाटली. त्यांना ना किल्ला लागला ना घोडा. त्यांची बाजू पक्की होती.

आपल्याच तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे. तिथल्या शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ च्या मराठी शिलालेखाचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. विजयाचं नातं वाचण्याशी जोडणारा लेख आपल्या उंबऱ्यात आहे, आणि शतकानुशतकं आपल्याला अक्षरच नाकारलं गेलं होतं. पोवाडा चित्रित करायला याहून बोलकी जागा कोणती?

काही सहकारी म्हणतील, आपण बुद्धाचे अनुयायी, आपल्याला युद्धाची गाणी कशाला? शंका रास्त आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद मांडला आहे. सिद्धार्थाने भर संघात युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडलं. बहुमतापुढे एकटं उभं राहणं, हे शौर्य तलवारीपेक्षा कमी नाही. तेव्हा लढाई गा, पण ती कशासाठी झाली आणि कोण मेलं, तेही गा. पोवाडा संपला की कॅमेरा नदीवर न्या आणि रोहिणीची गोष्ट सांगा. अफजलखानाचा प्रसंग घेऊन आजच्या शेजारच्या मुसलमानाकडे बोट दाखवणारा व्हिडिओ मात्र आपल्या हातून निघता कामा नये. त्यात शौर्य नाही, निवडणुकीचा हिशेब आहे.

मित्रांनो, ड्रोन नसला तर अडत नाही. माळावर वारा फार, म्हणून आवाज वेगळा टिपा. उन्हं चढण्याआधी पोहोचा. वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाचं आणि वादकाचं नाव पडद्यावर ठळक लिहा, आणि मानधन आधी द्या. आणि पहिलं दृश्य हलगीवरच्या हातांचं घ्या, मग हळूहळू त्या माणसाच्या चेहऱ्यावर या.

जय भीम! जय संविधान!