यादीत नसलेले गाणे

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची आखणी करण्यासाठी दक्षिण कोलकात्यातील आम्हा काही मराठी कुटुंबांची बैठक गेल्या महिन्यात एकाच्या घरी भरली होती. उत्सवाच्या तिसऱ्या संध्याकाळी मुलांच्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम करण्याचा आमचा रिवाज आहे. यंदा त्याला फाटा देऊन त्या जागी ‘नव्वदीची रात्र’ करावी, अशी सूचना पुढे आली. दूरदर्शनवरील ‘सुपरहिट मुकाबला’ या जुन्या कार्यक्रमाच्या धर्तीवर दहा हिंदी चित्रपटगीते दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत सादर करावयाची, आणि मधल्या वेळात एखाद्या हौशी गृहस्थाने बाबा सहगलचा वेष घेऊन यमके जुळवीत निवेदन करावयाचे, असा तो बेत होता. सूचना मांडणारे माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच बदलीच्या नोकरीतले. बहुतेकांचे चेहरे उजळले. मी विरोध केला, तेव्हा एक वहिनी हसून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही फार सोवळे बुवा! लोकांना आवडते ते करू द्या की.” चहा निवत चालला होता आणि वादाला कोणालाच सवड नव्हती. जे तेथे बोलता आले नाही ते येथे लिहीत आहे.

माझ्या विरोधाचे मूळ हिंदी चित्रपटगीतांच्या तिटकाऱ्यात आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. शेजारच्यांकडे केबल आलेली होती, आणि गृहपाठ उरकून त्यांच्या उंबऱ्याशी बसण्याची परवानगी मिळे, ती या गाण्यांसाठीच. ती मला आजही तोंडपाठ आहेत. माझे भांडण गाण्यांशी नाही, त्यांना लावलेल्या क्रमांकांशी आहे. आणि आपली पिढी ज्याच्या आठवणीने आज गहिवरते आहे ते गाणे नसून तो क्रमांकच आहे, असे माझे मत आहे.

या क्रमांकाची वंशावळ पाहण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, हे त्यांचे ठाम मत. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वेळ आखडला, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात होय असे ठरविले, निर्मात्यांनी चिडून परवानग्या काढून घेतल्या, आणि काही काळ आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा सिलोनकडे वळविला. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिच्यात गाण्यांचे क्रम लागू लागले. ते निवडक दुकानांतील रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि श्रोतासंघांच्या पसंतीवरून ठरत. सायानी क्रमांक म्हणत नसत, ‘पायदान’ म्हणत. शब्द गोड होता, पण पायरी म्हटली की वरची आणि खालची आलीच. आकाशवाणी शहाणी झाली ती १९५७ साली. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला विविध भारती निघाली. परंतु तोवर साऱ्या देशाला आठवड्यातून एकदा गाण्यांचा निकाल ऐकण्याची चटक लागून चुकली होती.

केसकरांना हसणे सोपे आहे, आणि गेली सत्तर वर्षे सर्वांनी ते केलेही आहे. परंतु त्याच केसकरांच्या अमदानीत, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांच्या चाली, दर आठवड्याला एक नवे गीत, वर्षभर. तेही साप्ताहिकच होते. लोक त्याचीही वाट पाहत, किंबहुना अधिक आतुरतेने. मात्र या आठवड्यात कोणते गीत वर चढले आणि कोणते घसरले, असा प्रश्न कोणाच्या मनातही येणे शक्य नव्हते. पुढे काय येणार, याची ती ओढ होती. या दोन साप्ताहिक प्रतीक्षांमधला फरक ज्याच्या ध्यानात येईल, त्याला माझे उरलेले म्हणणे समजावयास अडचण पडू नये.

सिलोनची ती रीत दूरचित्रवाणीवर बहरली ती नव्वदच्या दशकात. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी वाहिनी आली. २६ जानेवारी १९९३ रोजी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथील दूरदर्शनच्या दुय्यम वाहिन्या उपग्रहाने जोडून ‘मेट्रो’ वाहिनी करण्यात आली. मेट्रोवर ‘सुपरहिट मुकाबला’, झीवर सतीश कौशिक यांचे ‘फिलिप्स टॉप टेन’, आणि त्यांच्या मागोमाग आणखी किती तरी. मेट्रो वाहिनी ३ नोव्हेंबर २००३ रोजी बंद होऊन तिच्या जागी बातम्यांची वाहिनी आली, हेही आता कोणाला आठवत नाही. आठवतो तो ढोल वाजवून जाहीर होणारा पहिला क्रमांक.

या कार्यक्रमांच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा की, ही गाण्यांची लोकशाही होती. पंडितांनी काय ऐकावे हे सांगण्याचे दिवस गेले. लोकांनी कौल दिला, आणि तो पडद्यावर दिसला. आमच्या बैठकीतही हा शब्द उच्चारला गेला. मला याचे हसू आले, कारण याद्या करणे हाच माझा उदरनिर्वाह आहे. आमच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांची ज्येष्ठतायादी निघते. प्रथम प्रारूप यादी सर्वांकडे फिरते, हरकती मागविल्या जातात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात, आणि मगच यादी अंतिम होते. इतके करूनही भांडणे होतात ती होतातच. परंतु या कामात एक गोष्ट मी पक्की शिकलो. यादीत शेवटचा असलेला माणूस कुरकुरत का होईना, आपल्या जागेवर असतो. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याला बढती नाही, हरकत नाही आणि गाऱ्हाणेही नाही. तो नसतोच.

‘सुपरहिट मुकाबल्या’ची यादी ही अशी होती. तिच्यात मराठी गाणे दहावेही नव्हते आणि शंभरावेही नव्हते. बंगाली नव्हते, असमिया नव्हते, तमिळ नव्हते. तमिळ चित्रपटाची चाल हिंदी शब्द पांघरून आली तर तिला प्रवेश होता. उमेदवारीच ज्यांना बंद होती त्यांना मते कोणी द्यावयाची? शिवाय हे सारे आकाराला आले होते सरकारी वाहिनीवर, सर्व भाषिकांच्या कराच्या पैशावर उभारलेल्या मनोऱ्यांवरून.

कोणी म्हणेल, तो चित्रपटगीतांचा व्यापारी कार्यक्रम, त्याच्याकडून इतकी अपेक्षा कशाला? याला माझे उत्तर ‘चित्रमाला’ हे आहे. ज्यांना ती आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुधवारच्या ‘चित्रहारा’त हिंदी गाणी लागत, ‘चित्रमाले’त निरनिराळ्या भारतीय भाषांतील चित्रपटांची गाणी एकापाठोपाठ एक दाखविली जात. एक मल्याळम, एक गुजराती, एक उडिया, मध्येच एखादे मराठी. न कळणारी भाषा आली की आम्ही मुले पाणी प्यावयास उठत असू, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. तरी पाणी पिता पिता ते कानावर पडतच असे. मराठी गाणे लागले की आई स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर येई. महाराष्ट्राबाहेर असलेल्या घरांत त्या तीन-चार मिनिटांचे मोल काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. आणि त्या गाण्याच्या डोक्यावर कसलाही आकडा नसे. ते मल्याळम गाण्यापेक्षा चांगले की वाईट, हा प्रश्नच उद्भवत नसे. ते त्याच्या शेजारी बसलेले असे, इतकेच. हा कार्यक्रम रटाळ होता, त्याची मांडणी गबाळी होती, हे सारे मान्य. पण देश एका ओळीत बसलेला पाहावयाचा असेल, तर तो मला तेथे दिसला. ‘मुकाबल्या’त दिसली ती चढाओढ, आणि तीही एकाच घरातल्या भावंडांची.

“आता तर मराठीच्या स्वतंत्र वाहिन्या आहेत, मग तक्रार कसली?” असेही बैठकीत विचारले गेले. वाहिन्या आहेत, चांगली गोष्ट आहे. परंतु त्यामुळे झाले असे की, प्रत्येक भाषेला आपापली खोली मिळाली आणि दिवाणखाना हिंदीला गेला. कोलकात्यातला मराठी मुलगा आपल्या खोलीत क्वचित शिरतो आणि शेजारच्या बंगाली खोलीचे दार त्याने कधी ढकललेलेच नसते. तो सदा दिवाणखान्यात असतो.

बंगाली गाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. आपण दिवाळीला वाचतो. बंगाली माणूस पूजेला वाचतो, आणि एके काळी पूजेला ऐकतही असे. शारदोत्सवासाठी म्हणून दरवर्षी नव्या बंगाली गाण्यांच्या रेकॉर्ड निघत, मोठमोठे गायक त्यांसाठी गात, आणि त्या ‘पूजेच्या गाण्यां’ची घरोघर वाट पाहिली जाई. त्या रेकॉर्ड आपल्या कोलकात्याच्या दमदम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात तयार होत. आपल्या मराठी भावगीतांच्या काळ्या तबकड्याही तेथूनच छापून निघत आणि महाराष्ट्रात जात. ज्या आवाजांनी पुण्या-नागपुरातील दुपारी भरल्या, ते या शहराच्या एका उपनगरातील यंत्रांखालून गेलेले होते. येथे बदली होऊन आलेल्या किती मराठी अधिकाऱ्यांना हे ठाऊक असते? मलाही येथे आल्यावर तीन वर्षांनी कळले.

नव्वदच्या दशकात पूजेच्या गाण्यांची परंपरा ओसरली होती, आणि हिंदी याद्यांत बंगालीलाही जागा नव्हती. म्हणजे बंगाल्यांची गत आपल्यासारखीच. परंतु १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय या गृहस्थांची ‘तोमाके चाई’ ही ध्वनिफीत निघाली. एक माणूस, त्याची गिटार आणि या शहराच्या रस्त्यांवरची बंगाली भाषा. पाठोपाठ नचिकेता आले, अंजन दत्त आले. कोणत्याही राष्ट्रीय यादीत ही गाणी कधी आली नाहीत. तरीही माझ्या कार्यालयातील बंगाली सहकारी, माझ्याच वयाचे, सहलीला निघाले की बसमध्ये तीच गातात. त्यांनाही नव्वदीची आठवण येते, पण त्या आठवणीत त्यांची स्वतःची भाषा आहे. आपल्या आठवणीत ती का नसावी? हा प्रश्न मी दूरदर्शनला विचारीत नाही. तो बैठकीत बसलेल्या आम्हा सर्वांना, म्हणजे मलाही, विचारतो आहे.

आकड्यांचे हे वेड गाण्यांपाशी थांबले नाही. नव्या शतकात गाण्यांऐवजी गाणाऱ्यांचेच क्रमांक लागू लागले. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात, २००५ साली, मुंबईचा अभिजीत सावंत पहिला आला आणि आपण पेढे वाटले. २००७ साली कोलकाता पोलिसांतील एक शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, पहिला आला. त्याला मते मिळावीत म्हणून डोंगरातल्या गावागावांत वर्गण्या झाल्या. रेडिओवरील एका निवेदकाच्या टवाळीवरून त्याच सप्टेंबरात सिलिगुडीत दंगल उसळली, आणि त्या लाटेवरच बिमल गुरुंग यांचे राजकारण उभे राहिले. यात नेपाळी भाषिकांना हसण्यासारखे काही नाही. वर्षानुवर्षे ज्यांना कोणत्याच यादीत जागा मिळाली नव्हती, त्यांना एकदा ती मिळाली आणि त्यांनी ती जिवाच्या आकांताने धरली. यादीबाहेर ठेवलेल्या माणसाला काय वाटते, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आता तर क्रम जाहीर करावयास निवेदकही लागत नाही. गेल्या वर्षी आमच्या उत्सवासाठी एका दहा वर्षांच्या मुलाला मराठी गाणे सुचविले. त्याने आधी मोबाइलवर ते किती लोकांनी पाहिले आहे ते पाहिले आणि मग, “काका, हे नको, हे कोणी बघतच नाही,” असे सांगितले. त्याने चाल ऐकली नव्हती. मुलगा गुणी आहे, त्याचा काही दोष नाही. तो आपल्याच उंबऱ्यावर बसून शिकला.

याचा अर्थ हिंदी गाणी उत्सवातून हद्दपार करावीत, असा कोणी केला तर मी केसकरांचा वारस ठरेन आणि त्यांच्याप्रमाणेच फसेन. बंदी घातली की माणसे सिलोन गाठतात, हे आपण शिकलो आहोत. म्हणून मी बैठकीच्या चिटणिसांकडे लेखी सूचना दिली आहे. तिसरी संध्याकाळ मुलांचीच राहावी. तीत ‘चित्रमाले’सारखी दहा गाणी व्हावीत: पाच मराठी, दोन बंगाली, एक हिंदी आणि उरलेली दोन मुलांनी वर्गातल्या मित्रांकडून शिकून आणलेली, मग ती नेपाळी असोत, उडिया असोत वा मैथिली. हिंदी गाणे नव्वदीतलेच घ्यावे, आणि बाबा सहगलचा वेष ज्यांनी शिवावयास टाकला आहे त्यांनी तो अवश्य घालावा. निवेदन त्यांनीच करावे, यमकेही जुळवावीत. फक्त क्रमांक पुकारू नयेत. गाणी कोणत्या क्रमाने व्हावीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

सूचनेवर वहिनींनी सही केली आहे. बाबा सहगलांनी अद्याप केलेली नाही. पुढील बैठक येत्या रविवारी आहे.